बहिणीला झाड, भावाला भाट

गेल्या वर्षी शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याच्या, आदल्या गुरुवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, डिचोलीच्या एका सरकारी कचेरीत माझ्या सुनंदाआतेवर अन्याय झाला. आते म्हणजे बाबांची सख्खी बहीण. सर्वणला जन्मली, हळर्णला दिली. अन्याय करणारे दोघे होते. एक बाबा. दुसरी मी.

घरे आणि जमिनी यांवर काम करणाऱ्या आमच्या गटाची पत्रके लिहून लिहून मला सवयच लागली आहे की कोणाचे काय गेले आणि कधी गेले ते पहिल्या ओळीत सांगून टाकायचे. नाहीतर माणूस पत्रकाची घडी करून त्यात भजी घेतो. डिचोलीच्या बसस्टँडवर मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. 'गोव्यात घर कोणाचे?' या माझ्याच मथळ्यावर तेलाचा डाग पसरत होता आणि खाणारा माणूस मला विचारत होता, "चटणी असा गो?" म्हणून इथेही आधी ते सांगून टाकले. आता काजूकडे वळते, कारण हे सगळे काजूच्या दिवसांत झाले आणि यंदाचा काजू पुन्हा आला आहे.

काजूचा मोसम आधी नाकाला कळतो. पिकून पडलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास गोड म्हणावा तर घशाला ओढतो, आंबट म्हणावा तर माश्यांच्या आधी मुले धावतात. मार्चमध्ये डिचोलीहून सर्वणला येणाऱ्या बसच्या खिडक्यांतून तो आत शिरतो, आणि एकदा फेणीच्या भट्ट्या पेटल्या की कंडक्टरच्या तिकिटांनाही लागतो. सुक्या पानांवर बोंडू पडतो तेव्हा जड, ओला आवाज होतो. लहानपणी दुपारी पडवीत झोपेचे सोंग घेऊन आम्ही ते आवाज ऐकत पडायचो. रस शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पडला की तो शर्ट संपला. कुठल्याच साबणाने तो डाग जात नाही. ओल्या बीचा चीक ओठाला लागला की चार दिवस ओठ सोलायचा, आणि चोरून बिया कोणी फोडल्या ते बाईंना विचारावे लागायचे नाही.

आते आली की मोसम सुरू झाला असे आमच्या घरात धरायचे. दोन बस बदलून ती यायची. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात तिची स्वतःची काठी. काठीच्या टोकाला खिळा. वाकायला नको, बोंडू टोचायचा आणि पाटीत सोडायचा. ती काठी बसमध्ये घेऊन ती चढली की कंडक्टर म्हणायचा, "आते, भालो घेवन खंय? हळर्णचो किल्लो पडून वर्सां जाली." आते म्हणायची, "किल्लो पडलो म्हणान तर भालो भायर काडलंय. तू तिकीट फाड." हे दर वर्षी. कंडक्टर बदलले तरी हे संभाषण बदलले नाही.

ती यायची ती तिच्या झाडासाठी. आमच्या घरात एक रीत आहे. मुलीचे लग्न झाले की भाटातले, म्हणजे आमच्या डोंगरउतारावरच्या बागायतीतले, एक काजूचे झाड तिचे होते. कागद नाही, पाटी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मोसमात ती माहेरी येते, झाडाच्या बुंध्याशी नारळ फोडते, आणि त्या दिवसापासून त्या झाडाखाली पडेल ते तिचे. ती आली नाही तरी तिचेच. बिया वाळवून तिच्या नावाच्या पोत्यात भरून ठेवायच्या. सहा वर्षांची असताना मी त्या झाडाखालचा एक बोंडू उचलला होता, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर चापट मारली होती. "तां आतेचा झाड." बाबांनी मला मारल्याची ही एवढीच आठवण आहे. त्या झाडाच्या बिया विकून आते दर वर्षी काहीतरी घ्यायची. एकदा दीक्षाला, म्हणजे तिच्या मुलीला, छत्री. एकदा कानातले. नवरा वारला त्या वर्षी काहीच घेतले नाही; पैसे तसेच पिशवीत घेऊन गेली.

कॉलेजात असताना भित्तिपत्रकात मी या रीतीवर लेख लिहिला होता. आमचा समाज लेकींना कसा जपतो, वगैरे. त्याला पहिले बक्षीस मिळाले होते. आता मला त्याच रीतीत दुसरे काहीतरी दिसते. झाड इतके प्रामाणिकपणे सांभाळले जाते की त्याच्याखालच्या जमिनीचा विषय निघतच नाही. एका बोंडूसाठी स्वतःच्या मुलीला मारणारा माणूस बहिणीचा अर्धा डोंगर सहज घेऊ शकतो, आणि त्याला झोपही लागते. बहिणीला झाड, भावाला भाट.

मी आणि संतोष लग्न करून तीन वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहिलो. संतोषचे वडील बेळगाव जिल्ह्यातून डिचोलीच्या कारखान्यात कामाला आले, ते इथलेच झाले. तोही कारखान्यात आहे. त्याच्याकडून घरासाठी काही मिळण्यासारखे नव्हते; त्याचे आईवडील अजून कारखान्याच्या मागच्या चाळीत दोन खोल्यांत आहेत आणि तिथे तिसरी चूल बसत नाही. आमची पहिली खोली पेडण्यात होती. मालकाने दिवाळीनंतर सांगितले की पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देणार. "तुमी बरी माणसां," तो म्हणाला, "पण तुमी म्हयन्याची माणसां." दुसरी खोली डिचोलीत, तिच्या एकुलत्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, शेजारच्या भिंतीचा चिरा दिसायचा. त्या चिऱ्यावरचे खड्डे मला पाठ झाले होते.

एका रविवारी आम्ही पेडण्यात फ्लॅट बघायला गेलो. विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण ऐपत नाही हे एकदा समोरासमोर ऐकावे असे वाटले. थंडगार ऑफिस, काचेच्या ग्लासात कोकम सरबत, आणि हातात टॅब घेतलेली माझ्याच वयाची मुलगी. तिने विचारले, "सर, सेकंड होम बघताय की गुंतवणूक?"

"पहिलं," संतोष म्हणाला. "एकच हाय. राहायला."

मुलीने टॅबवर खालीवर बोट फिरवले. त्या यादीत तो पर्यायच नसावा. "राहायला," ती जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडे विशेष काही नाही." मग हळूच, टॅब मिटून, "मी स्वतः म्हापशाला भाड्यानं राहते."

त्यावर मी पत्रक लिहिले. चांगले झाले होते. ज्यांच्या आजोबांनी हे डोंगर राखले त्यांची नातवंडे त्याच डोंगरावरच्या जाहिरातीखाली बसची वाट बघतात, असे काहीतरी. लोकांनी घडी न घालता वाचले. पण एक वाक्य त्यात नव्हते, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हते. माझ्या ओळखीत ज्या-ज्या जोडप्याचे पंचविशी-तिशीत स्वतःचे घर झाले, त्या प्रत्येकाच्या मागे घरच्यांची मदत होती. आणि घरच्यांची मदत म्हणजे काय, ते कोणीच उघडून सांगत नाही. 'गावात जागा होती,' एवढेच सांगतात. जागा होती म्हणजे ती कोणाची होती, हे विचारणारा पाहुणा उद्धट ठरतो.

आमचीही जागा होती. बाबा सुरुवातीला नाही म्हणाले. "तुका दिलंय म्हणजे अर्धा त्या बेळगांवकाराक दिला," हे त्यांचे म्हणणे. गोव्यात लग्न झाले की नवराबायकोचे अर्धे-अर्धे होते, आणि बाबांना कायद्यातले तेवढेच पाठ आहे. दादा बोटीवर कामाला, जुने घर त्याला ठरलेले. मी म्हटले, दादाला घर तर मला भाटातला तुकडा. मुलगी म्हणून कमी नको. पडवीत भांडलो, चतुर्थीच्या जेवणावर भांडलो, एकदा बाबा पोदेराकडून पाव घेत होते तेव्हा गेटवर भांडलो. पोदेर सायकल धरून पूर्ण ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दी रे मारे, नायतर माझे बाकीचे पाव थंड जातले." मी हक्काची भाषा वापरली. ती मला येते. बाबा हरले आणि मी जिंकले. मुलीला वाटा मिळाला, असे मी गटातल्या मैत्रिणींना सांगितले. पेढे वाटले.

फक्त वाटा द्यायला बाबांकडे तो आधी पुरता असायला हवा होता. जमीन आजोबांची. त्यांच्यामागे वारस दोन, बाबा आणि आते. गोव्यात मुलीचा वाटा आजचा नाही, पोर्तुगिजांच्या काळापासूनचा आहे. त्यामुळे आमच्याकडे मुलीला वाटा नाही असे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे सोड म्हणतात. त्याचा एक कागद असतो, हक्कसोडीचा.

तो कागद मी आदल्या दिवशी वाचला. मी सगळे वाचते; साबणाच्या वेष्टनामागचेसुद्धा. घरापुरत्या तुकड्याचा तो कागद नव्हता. आजोबांच्या मागे राहिलेल्या सगळ्यावरचा हक्क आते सोडत होती, भाट, जुने घर, विहीर, सगळे. मी बाबांना विचारले, "एवढे सगळे कशाला?" बाबा म्हणाले, "परत परत कचेरीत कोण धावतलो? एकदाच जावंदी." आणि मी गप्प बसले. माझा तुकडा त्यातच होता.

आतेला मात्र बाबांनी फोनवर सांगितले होते, "बायचा घर जाता, तुझी एक सही जाय." बाय म्हणजे मी; माझे घर होत आहे, एक सही हवी, एवढेच. ती आली. बुधवारी दुपारी. आईने बिब्यांची उसळ केली होती. मोसमातले पहिले ओले काजू, सोलून सोलून आईची बोटे काळी पडली होती. खोबऱ्याच्या वाटणात ते बिबे लोण्यासारखे लागतात. आतेला पाटावर बसवून वाढले. ती म्हणाली, "इतको मान? सही हाय की आहेर?" सगळे हसले. मीही हसले.

गुरुवारी कचेरीत पंखा होता पण हवा नव्हती. आतेने चांगली साडी नेसली होती, मोरपिशी, दीक्षाच्या साखरपुड्यातली. कारकून तरुण होता, चष्मा घामाने घसरत होता. त्याने कागद आतेसमोर ठेवला आणि विचारले, "बाय, वाचून दाखवूं?"

आतेने माझ्याकडे पाहिले. शिकलेली भाची, भाषणे करणारी. मी म्हटले, "नको. घरचेच आहे."

एवढेच. अन्याय म्हणतात तो इतक्या कमी शब्दांत होतो. त्या वर्षी आमच्या गटाने गावोगाव एक पत्रक वाटले होते. दलाल म्हाताऱ्या माणसांकडे कोरे कागद घेऊन फिरायचे म्हणून. त्याचा मथळा मीच दिला होता, 'वाचल्याशिवाय सही नको'. त्याच्या उरलेल्या पन्नासेक प्रती त्या वेळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या. आतेने सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटे. मग सहीशेजारी ठसा उठवून तिने शाईचा अंगठा माझ्याच रुमालाला पुसला आणि म्हणाली, "झाला मगे तुझा घर."

कचेरीबाहेर शिगम्याच्या चित्ररथाचे सांगाडे उभे करत होते. बांबूचा एक अर्धा हत्ती होता, सोंड नसलेला. आतेने तो कौतुकाने पाहिला. मला त्या दिवसातले बाकी सगळे धूसर झाले आहे, पण हत्ती स्पष्ट आहे.

पावसाळ्याआधी जोते घातले. चिऱ्याचे जोते, कमरेएवढे. मूळ आराखड्यात स्वयंपाकघर नेमके आतेच्या झाडावर येत होते. मी गवंड्याला सांगितले, घर एक मीटर सरकवा, झाडाला हात लावायचा नाही. गवंडी कोल्हापूरकडचा, तो म्हणाला, "ताई, एका काजूसाठी सगळा काटकोन हलवायचा?" मी म्हटले, हलवा. त्या दिवशी मला फार बरे वाटले होते. झाड वाचवले. बाईचा वाटा खाल्ला आणि झाड वाचवले.

कागद संतोषने वाचला तो बँकेत द्यायच्या प्रती काढताना. चहा गार होईपर्यंत वाचत बसला. मग म्हणाला, "ह्यात तर सगळंच लिहिलंय की. आपल्या तुकड्यापुरतं नाही."

"हो."

"आत्याबाईंना माहीत हाय?"

मी कपबशी उचलायला लागले.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. यात प्रश्न नव्हता. थोड्या वेळाने, चप्पल घालता घालता, "आमच्या बापाला गावात कुणी काय दिलं नाही. म्हणून तो इकडं आला. पण कुणाचं उचलून आला नाही बघ." त्यानंतर पंधरा दिवस तो जोत्यावर आला नाही. कोणी विचारले की म्हणायचा, "घर तिचं हाय. मी आपला भाडेकरू." लोकांना तो विनोद वाटायचा. पावसाळ्यात काम तसेही बंद राहिले, आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही ते पुन्हा सुरू करायचा विषय काढला नाही; डिचोलीच्या त्याच खोलीत राहिलो. जोत्यावर शेवाळ आले, सुकले, काळे पडले. बाबा विचारायचे, मी बँकेचे कारण सांगायचे.

यंदा शिगम्यानंतर आते आली. काठी, पिशवी आणि सोबत दीक्षा. दीक्षाचे लग्न डिसेंबरात झाले. नवरा म्हापशाच्या एका दुकानात आहे, आणि दोघे एका खोलीत राहतात. मालकिणीने मेअखेर रिकामी करायला सांगितली आहे. दीक्षा हे सगळे हसत सांगत होती, जसे आम्ही तीन वर्षे हसत सांगायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आते थेट जोत्यावर चढली. पावले टाकून खोल्या मोजल्या. "हय चूल? बरी असा. जनेल झाडाच्या बाजूक ठेव. रांदताना माझा झाड दिसांक जाय तुका." मग ती झाडाखाली गेली आणि काठीने बोंडू टोचू लागली. लाल बोंडू, काही पिवळे, काही पडून फुटलेले. तिचा हात सवयीने चालत होता. पाटी अर्धी झाली तेव्हा वर न बघता ती म्हणाली, "भावाक सांगलंय मी काल. माझ्या वाट्यातलो एक कोपरो दीक्षाक. तुझ्या शेजाराक. दोगां भयणी रवतल्यात. काय बोललो नाय तो. पेपर वाचत ऱ्हवलो."

बाबा पडवीत होते, तिथून ऐकू येत होते. आजही पेपर त्यांनी हातात धरला होता.

मला वाटते, आयुष्यात मी कधी एवढे साधे बोलले नाही. मथळा नाही, काही नाही.

"आते, तुझो वाटो नाय."

"नाय म्हणजे?"

"तू सोडलंस. गेल्या वर्सा. कचेरीत."

"तां तुझ्या घरापुरता."

"सगळ्याचा होता. मी वाचलेला. तुका सांगूंक नाय."

काठीच्या खिळ्यावर एक बोंडू तसाच राहिला, त्याचा रस काठीवरून तिच्या मनगटाकडे उतरत होता. तिने पडवीकडे पाहिले. बाबा पेपरामागून म्हणाले, "सही तूच केलंस मगे. कोणी हात धरूंक नाय."

"हात धरूंक नाय," आते म्हणाली. "पाट मांडलात. बिब्यांची उसळ वाडलात."

मग तिने पाटीत पाहिले. "आणि हे कोणाचे?"

तिने पाटी उचलली आणि झाडाच्या बुंध्याशी उपडी केली. बोंडू गडगडत उताराला लागले, दोन-तीन आमच्या जोत्याला येऊन थांबले. खिळ्यावरचाही काढून टाकला. "चल गो," ती दीक्षाला म्हणाली. दीक्षाने पिशवी उचलली. जेवायला थांबल्या नाहीत. आईने उसळ डब्यात भरून गेटपर्यंत नेली, ती तशीच परत आणली.

बहिणीने झाड सोडले, असे सर्वणात आता बोलतात. लोकांना तेवढे कळते. शेजारीण विचारून गेली, "कित्याक गो कुसता तां? उचल मगे." मी उचलत नाही. बाबाही उचलत नाहीत. त्यांना ती चापट आठवत असावी. त्या झाडाखाली बोंडूंचा थर झाला आहे, आंबून फेसाळलेला, वर माश्यांचा धूर. वास जुन्या घराच्या पडवीपर्यंत येतो. रात्री साळिंदर येते बहुतेक, सकाळी कुरतडलेले दिसतात. फक्त संतोष दर दोन दिवसांनी येतो, कुजलेल्या बोंडूंतून बिया पिळून काढतो, जोत्यावर वाळत घालतो आणि पोत्यात भरतो. हात चिकाने सोलले आहेत. बेळगावच्या माणसाने आमची रीत पाळावी, आणि आम्ही बघत उभे राहावे.

काय करता येईल ते मी वकिलांना विचारले. सोडलेला हक्क परत मागणे सोपे नाही. बाबांच्या नावावर गेलेले मी देऊ शकत नाही, ते बाबांचे आहे. माझ्या नावावर झालेला तुकडा मात्र माझा आणि संतोषचा आहे. त्यातला अर्धा आतेच्या नावाने करता येतो. त्यानंतरच्या रविवारी संतोषने चुन्याची फक्की आणली आणि जोत्यावर रेघ मारली. ती स्वयंपाकघरातून जाते. जे उरते त्यात एक खोली, एक चूल, मोरी, आणि बाहेर दोन कदेली, म्हणजे खुर्च्या, मावतील एवढी जागा. झाड आणि त्याच्या बाजूची जमीन रेघेपलीकडे, आतेच्या वाट्यात. बाबा येऊन पाहून गेले. "घर बांदतात की खोली?" म्हणाले. माझ्याशी ते आता तेवढेच बोलतात. मी म्हटले, तुमच्याकडचे भाट अजून आहे, तुम्हीही एक रेघ मारा. ते परत फिरले. त्यांच्याशी माझे भांडण संपलेले नाही, आणि या वेळी मी ते हक्काच्या भाषेत भांडणार नाही, कारण ती भाषा मी कुठे वापरली ते मला माहीत आहे.

आतेला मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मी सगळे सांगितले. अर्धा तुकडा, चुन्याची रेघ, मेअखेर. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कागद धाड," ती म्हणाली.

"तू ये ना. इथेच करू."

"नाय. पयलो कागद धाड. दीक्षा वाचतली. मगे मी वाचतलंय, माका येता वाचूंक. मगे कोणाक तरी दाखयतलंय, जो आमच्या घरातलो नाय. मगे बघूया."

"आणि काजू, आते? बिया भरून ठेवल्यात."

"कोणी?"

"संतोषने."

ती म्हणाली, "ठेवू दी," आणि फोन ठेवला. कागद मी काल टपालात टाकला. उत्तर नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. नाही म्हणण्याचा तिला अधिकार आहे. मागच्या वेळी तिला कोणी नाही म्हणायची वेळच दिली नव्हती.

आमच्या गटाला नवे पत्रक हवे आहे, तरुणांना परवडणाऱ्या घरांचे. ते मी लिहीन. बाहेरून पैसा आला, डोंगर विकले गेले, भाडी चढली, हे सगळे खरे आहे आणि त्याबद्दल ओरडत राहणे भाग आहे. पण या वेळी ते पत्रक घेऊन मी कोणाच्या दारात जाईन तेव्हा आधी एक विचारीन. तेच तुम्हाला विचारते.

तुमचे घर कोणी दिले? बाबांनी, सासऱ्यांनी, आजोबांनी? बरे. मग कपाट उघडा आणि कागद काढा. लग्नाच्या अल्बमखाली असतील, प्लास्टिकच्या पिशवीत. शेवटच्या पानावरच्या सह्या बघा. तिथे एका बाईची सही असेल, सुट्या अक्षरांची. तुमची आते, तुमची बहीण, तुमच्या नवऱ्याची बहीण. हा लेख खाली ठेवा आणि तो कागद घेऊन तिच्याकडे जा. हातात मिठाईचा पुडा नको, आणि तिने जेवायला वाढले तर आधी जेवू नका. बसा, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा. मग ती जे मागेल ते ऐका.